दादाचं मानपत्र

वाळूजच्या एका कंपनीत मी स्टोअरमध्ये आहे आणि बजाजनगरात राहतो. दिवाळी अंकांत दोन कथा छापून आल्या, तेव्हापासून कंपनीत मला सगळे लेखक म्हणतात. पण लेखकाकडे कुणी कथा मागत नाही, मानपत्र मागतात. कुणी निवृत्त झालं की शाल, नारळ आणि फ्रेम केलेलं मानपत्र ठरलेलं. अशी चाळीसेक तरी मी लिहिली असतील. खरं सांगायचं तर एकच लिहिलंय. ते मोबाइलमध्ये आहे. नाव, खातं आणि सेवेची वर्षं तेवढी बदलायची. माणूस कसाही असो, तो कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि मृदुभाषी. आयुष्यभर लोकांवर खेकसलेल्यालाही मी मृदुभाषी केलंय आणि ते ऐकून त्याच्या बायकोने डोळे पुसलेत. याचा मला थोडा गर्वच होता.

मग माझा थोरला भाऊ निवृत्त झाला. तो सोयगावकडे मास्तर होता, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, मला शिकवलं ते दादानेच. त्याच्याबद्दल माझ्या मनात नेमकं काय आहे, हे मी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. वहिनीचा फोन आला, "भावजी, त्यांचं मानपत्र तुमीच लिहायचं. दुसऱ्या कुणाचं त्यांना चालत नाय."

आठ दिवस मी कागद घेऊन बसलो. एका ओळीत उपकार यायचे, दुसऱ्या ओळीत राग. राग आला की मी कागद बाजूला सारून चहा टाकायचो. शेवटी कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मोबाइल उघडला, नाव बदललं आणि फ्रेमवाल्याकडे देऊन मोकळा झालो.

कार्यक्रमात मुख्याध्यापकांनी ते मोठ्याने वाचलं. "मृदुभाषी" म्हणताच मागे बसलेले जुने विद्यार्थी खो खो हसले. दादाचा आवाज वर्गातून पार एसटी स्टँडपर्यंत जायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक. पुढे तर कहरच झाला. "कंपनीच्या उत्पादनवाढीत मोलाचा वाटा" ही ओळ काढायची राहून गेली होती. मुख्याध्यापक अडखळले, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओळ तशीच वाचून टाकली. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. दादा समोर ताठ बसून होता.

घरी आल्यावर त्याने शाल खुर्चीवर टाकली. "जगाला वाटतोस तेच मलाबी दिलंस व्हय? मला वाटलं, तू तरी मला वळखतोस."

"ओळखतो, म्हणूनच लिहिता आलं नाही," मी म्हणालो.

"मग जे आलं नाय ते लिही. मी कुणाला वाचून दाखवत नाय."

सोनारानेच कान टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर बसलो आणि लिहिलं. पन्नाशीला टेकलो तरी तुझी भीती वाटते, असं लिहिलं. तू स्वतःच्या लग्नात जुने बूट घातलेस आणि त्याच वर्षी मला कॉलेजसाठी नवे घेतलेस, हे मला माहीत आहे, पण त्याबद्दल मी तोंडातून एक शब्द कधी काढला नाही. बारावीत तू माझी कवितांची वही फाडलीस, तेही मी विसरलेलो नाही. कधी कधी तुझा फोन मी मुद्दाम उचलत नाही. लिहिताना मला रडू आलं. लाजही वाटली, एवढ्या वयात भावाची तक्रार भावाकडे करतोय म्हणून. तरी या वेळी चहा टाकायला उठलो नाही.

दादाने दारात उभं राहून दोन्ही पानं वाचली. चष्मा काढून पुसला आणि दुसरं पान पुन्हा वाचलं. वहिनी आतून बघत होती. मग त्याने एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे खोटं लिवलंस."

"कोणतं?"

"वही फाडली म्हणून लिवलंस. फाडली नव्हती मी. जाळली."

मला माहीत होतं. पाणी तापवायच्या बंबाच्या राखेत तिचा अर्धा पुठ्ठा मी तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. पण ही पानं वहिनीच्या हातात पडतील, म्हणून लिहिता लिहिता मी जाळण्याचं फाडणं केलं होतं.

"बंबात घातली," दादा म्हणाला. "त्याच पाण्यानं अंघोळ केली अन् शाळेत जाऊन पोरांना कविता शिकवली. तेबी लिही."