मावशीची जागं ठेवणारी गोळी

माझ्या धाकट्या मावशीइतकी रागीट बाई साऱ्या नांदेड जिल्ह्यात सापडायची नाही, आणि हा राग तिला पन्नाशीत डॉक्टरांनी लिहून दिला. त्याआधी ती नुसती झोपायची. बिलोलीच्या कचेरीत फाईल उघडी ठेवून, विहारात वंदनेला हात जोडून, एकदा तर भाकरी थापता थापता. सासरचे आळशी म्हणत, कचेरीतले कुंभकर्ण, आणि ती हसण्यावारी नेई. अखेर नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा आळस नाही, आजार आहे. आणि रोज सकाळी घ्यायची एक जागं ठेवणारी गोळी दिली.

मावशी जागी झाली आणि भडकली. डोकं ठणकायचं, तोंडाला कोरड, जेवण नकोसं, छातीत धडधड. पण राग गोळीचा आहे हे तिला मान्य नव्हतं. "इतकी वर्षं तुम्ही मला आळशी म्हणून राहिले, अन् मी ऐकून राहिले," ती काकांना म्हणाली. कचेरीतले साहेब चहा फुरके मारत पितात हे तिला इतक्या वर्षांनी दिसलं आणि तिनं ते तोंडावर सांगितलं. फोनवर मी नुसतं "कशी आहेस?" विचारलं, तर म्हणाली, "जागी हाय. तुला काही अडचण?"

काका घाबरले. या गोळीची सवय लागते, मग सुटत नाही, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं. त्यांनी पाकीट गुपचूप लपवलं. लगेचच एका दुपारी दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं, घरभर धूर, आणि मावशी ओट्याला टेकून झोपलेली.

"डोकं माझं, गोळी माझी, अन् ठरवणार तुम्ही?" लपवलेलं पाकीट सापडल्यावर मावशी काकांवर ओरडली. फोनवर हे ऐकताना मलाही काकांचा पहिल्यांदा तिच्यासारखाच राग आला.

डॉक्टरही काकांवर चिडले. झोप परत आली ती सवयीनं नव्हे, आजार होताच म्हणून; गोळी मनानं बंद करायची नाही. त्रास ऐकून त्यांनी डोस मात्र कमी केला. डोकं ठणकायचं थांबलं, धडधड गेली. राग निम्मा उरला. तेवढा लागतोच, असं मावशी म्हणते.

परवा मी मावशीकडे गेलो होतो, तेव्हा लातूरहून तिची मुलगी तान्ह्या लेकीला घेऊन आली. बाळ मावशीच्या मांडीवर झोपलं. मावशी दुपारभर बाळाकडे बघत बसली, चहा निवून गेला.

"हिची आई पण तान्ही असताना अशीच झोपत असंल का रे?" तिनं हळूच विचारलं. "मी पाह्यलंच न्हाई. मीबी झोपलेलीच असायचे."

रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजले, तशी बाळानं चुळबुळ केली. मी उठून दार लोटून घेतलं.