सुंदराचं बिनआवाजाचं हसू

मंडळी, आज बालवाडीतून आलो तो थेट संगणकासमोर लिहायला बसलो.

निवृत्तीनंतर रोज मी तिथल्या मुलांना पोटावर हात ठेवून खदखदून हसायला लावतो, मग डोळे मिटून आपलाच श्वास ऐकायला सांगतो. मुलं अशी रंगली की नोकरीत असताना मी शाळेत घ्यायचो तो कवितेचा तास आठवतो.

आज पाच वर्षांची सुंदरा तोंड उघडून, अंग हलवून हसली. आवाज मात्र नाही. मला गंमत वाटली. "चला, सगळे सुंदरासारखे हसा!" सगळी मुलं तशीच हसली.

"कुणी शिकवलं गं?"

"मायनं. बा निजला का असंच हसायचं, आजोबा. तो उठला का मायला लय मारतो."

उद्या तिला मोठ्यानं हसायला कसं सांगू? सवयीनं ती घरीही मोठ्यानं हसली, तर मार तिच्या आईला बसेल. तुम्ही काय कराल?