साजूक तुपातला फुटबॉल

आमचा मल्हारगंजचा फुटबॉल क्लब बुडाला तो माझ्या आईच्या साजूक तुपात.

मध्य भारत राज्याचे दिवस होते, मध्य प्रदेश व्हायच्या आधीचे. इंदूरच्या लीगची जी सगळ्यात खालची पायरी, तिच्यावर आम्ही बसलो होतो आणि तिथूनही घसरायच्या बेतात होतो. मी गोलकीपर. (उंच होतो म्हणून. झेल घेता येतो का, हे कुणी विचारलंच नाही!) शेवटचा सामना उरला होता. बरोबरी झाली तर पुढच्या वर्षी लीगमध्ये राहणार, हरलो तर नाव कापलं जाणार. आमचे कप्तान नानाभिया (भिया म्हणजे इंदुरी भैया) मिलमध्ये कारकून; पण त्या आठवड्यात त्यांचा चेहरा मुलीच्या लग्नातल्या बापासारखा झाला होता.

सामन्याचा बॉल आमचा, आणि तो सांभाळायचं काम माझं. पावसात भिजून, उन्हात वाळून त्याचं पार लाकूड झालं होतं.

"वसंता, चरबी लाव त्याला," नानाभिया म्हणाले. "चमडा एकदम कडक झालाय, यार!"

मी घरी येऊन विचारलं, "आई, चरबी कुठे मिळते गं?"

आईची पळी हवेतच थांबली. "चरबी? या घरात?"

"खायला नाही गं, बॉलला लावायला."

"मग तूप लाव की! तुझ्या बाबांच्या जोड्यांना मी तूपच लावते. बघ कसे चमकतात!"

(चमकत, हे खरं. ते जोडे अधूनमधून उंदीर कुरतडून जात, हेही खरं. पण तेव्हा मला सुचलं नाही!)

आईला हात आखडता घेणं माहीत नाही. तिने तूप पातळ केलं, बॉल अंगणात ठेवायला लावला, आणि चामड्याला शिवायचं नाही म्हणून लांबूनच पळीने धार धरली. अभिषेकच तो!

"आई, पुरे!"

"असू दे रे. पोरं दमतात खेळून."

मैदानावर रेफ्रींनी बॉल उचलला, हुंगला आणि विचारलं, "क्यों भिया, ये बॉल है या लड्डू?" कडेला कचोरीवाल्याच्या गाड्याखाली कालू नावाचा कुत्रा झोपला होता. त्याने एक डोळा उघडला.

खेळ सुरू झाला आणि चमत्कारच झाला! नानाभियांनी लांबून मारलेला बॉल समोरच्या गोलकीपरने आरामात पकडला, आणि न्हाणीघरात साबण निसटावा तसा तो त्याच्या हातून सुटून आत गेला. मोसमातला आमचा पहिला गोल!

"वसंता, काकूंना साष्टांग नमस्कार सांग रे!" नानाभिया ओरडले. माझी छाती फुगली. हाच बॉल माझ्याकडेही येणार आहे, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही!

मध्यंतरानंतर तो आला. हळूच, लोळत लोळत. मी वाकून उचलला आणि छातीशी घट्ट आवळला. आवळल्याबरोबर तो वर उडाला आणि माझ्या खांद्यावरून मागे गोलमध्ये पडला. एक-एक.

"कोई बात नहीं!" नानाभिया म्हणाले. "बरोबरी पुरे आहे आपल्याला. आता आला की बस पकडून ठेव. सोडायचा नाही, काय!"

अगदी शेवटी बॉल पुन्हा आला. या वेळी मी जर्सी वर करून तिच्यात गुंडाळूनच धरला. जगबुडी आली असती तरी सोडला नसता!

जगबुडी नाही, कालू आला. कचोरीच्या चुऱ्यावर वाढलेला जीव. साजूक तुपाचा वास त्याला कसा सोसवणार? जीभ बाहेर काढून तो सरळ माझ्या पोटाकडे धावला. मला कुत्र्यांची भयंकर भीती वाटते. (हे कप्तानांना सांगायचं राहून गेलं होतं.) मी एक पाऊल मागे सरलो. कालू पुढे. मी आणखी मागे.

"वसंता, फेक तो बॉल!"

"भिया, तुम्हीच म्हणालात ना, सोडायचा नाही!"

शिट्टी वाजली. खाली पाहिलं, तर मी बॉलसकट गोलच्या आत उभा.

"अहो, कुत्रा मैदानात आला ना!" नानाभियांनी रेफ्रींना हात जोडले.

"आया. पर कुत्ते ने बॉल को छुआ क्या? अंदर तो आपके भिया खुद लेके गए!"

आम्ही लीगमधून गेलो. मला अगदी रडू येत होतं. घरी आईने विचारलं, "तूप कमी पडलं का रे?"

पुढच्या वर्षी नुसते मैत्रीचे सामने. गोलमध्ये दुसऱ्याला उभं केलं, आणि कालूला मैदानाबाहेर ठेवायचं काम मला दिलं. तेही लवकरच काढून घ्यावं लागलं. मी दिसलो की कालू शेपूट हलवत माझ्यामागे लागायचा, आणि मी सवयीने पळायचो ते थेट आमच्याच गोलमध्ये!