सुरईतली कोरफड आणि माझी मिशी

"अरे, मी अजून दोन्ही वेळेला भात मागून घेतोय, आणि तू मिशी काय म्हणून उतरवतोस?"

तीर्थरूप ओटीवरून ओरडत होते. त्यांचा आवाज मुळात असा, की ते ठाण्यात खाकरले तर खाडीपलीकडे कळव्याची गुरं चरायची थांबत. त्या दिवशी तर तलावातले मासे जे तळाला जाऊन बसले, ते नवरात्रापर्यंत वर आले नाहीत.

त्यांचा राग गैर नव्हता. आमच्यात मिशी उतरते ती बाप गेल्यावर. मी गुळगुळीत ओठाने रस्त्यावर दिसलो असतो, तर अर्धं गाव पडेल चेहऱ्याने समाचाराला आलं असतं आणि दार उघडायला खुद्द तीर्थरूपांनाच उठावं लागलं असतं. आणि मी तर मिशी पैजेवर लावून बसलो होतो, तीही कल्याणला, सासरेबुवांशी, जेवणानंतर, तोंडात विडा असताना.

झालं होतं ते असं. मी कचेरीत कारकून. साहेबाच्या बंगल्यावर कागद घेऊन गेलो, तर खिडकीत काचेचं एक पात्र. त्याच्या तोंडावर कांद्यासारखा कंद बसवलेला, वर निळं फूल आणि खाली नितळ पाण्यात पांढऱ्या मुळ्या. मातीची चिमूटसुद्धा नाही. पुढे सासुरवाडीला निघालो तेव्हा हा कांदा माझ्यासोबत आगगाडीत बसला, आणि कल्याण येईपर्यंत त्याचा नारळ झाला. सासरेबुवांना परसातल्या बागेचा मोठा अभिमान. माझं वर्णन ऐकून ते शांतपणे म्हणाले, "कांद्याचं काय, जावईबुवा, तो टोपलीतही कोंब काढतो."

"कांदा कशाला, मी कोरफड पाण्यात वाढवून दाखवतो."

"कुजेल."

"कुजली तर मिशी उतरवीन."

"मुळं छाटून ठेवायची हं, नाहीतर ती लबाडी. आणि नवी मुळं फुटली, तर तिचा गर मी जिलबीसारखा खाईन. दिवाळीला लेकीला न्यायला येतोच आहे, तेव्हा बघू."

ही बातमी कल्याणहून माझ्याआधी ठाण्याला कशी पोचली, हे मला आजवर उमगलेलं नाही. ओरडून झाल्यावर तीर्थरूप खाली बसले, उपरण्याने घाम पुसला आणि म्हणाले, "व्याह्यांना दिलेला शब्द आता गिळता येत नाही. ती कोरफड जगली पाहिजे."

स्वयंपाकघरातून मात्र आमच्या मंडळींचा हलका आवाज आला, "तशी इकडची मिशी असून नसून सारखीच." मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

परसातली कोरफड उपटली, मुळं छाटली, लांब मानेची काचेची सुरई काठोकाठ भरली आणि तिच्या तोंडात कोरफड बसवली. चार दिवसांत ती बुडापासून ओघळली. वास असा, की वाळत घातलेल्या बोंबलांनी नाकाला पदर लावला असता. दुसरीही तशीच गेली. प्रत्येक कोरफड फेकताना तीर्थरूप हळूच स्वतःची नाडी बघत.

तिसरी ठेवली त्याच सुमारास अमावास्येला सूर्यग्रहण लागलं. ग्रहण सुटल्यावर आईने रिवाजाप्रमाणे घरातलं पाणी ओतून टाकलं. हंडे गेले, कळशी गेली, पिंपही गेलं. मी कचेरीतून आलो तर सुरई धुऊन पालथी घातलेली आणि कोरफड दाराच्या चौकटीला उलटी टांगलेली.

"आई, अगं, ती माझी मिशी होती."

"ग्रहणाचं पाणी प्यालेली वस्तू मी घरात ठेवणार नाही. दाराला असली म्हणजे दृष्ट तरी लागायची नाही."

भांडायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी साहेबाबरोबर मुरबाडकडे फिरतीवर निघालो, तो परतलो तेव्हा नवरात्र उठून गेलं होतं. कोरफड दारातच लोंबत होती. हिरवी होती, पण छाटलेल्या जागी वहाणेच्या तळव्यासारखी कोरडी ठणठणीत झालेली. दिवाळी तोंडावर, नवीन आणून पुन्हा कुजवायला उसंत नाही. तीच सुरईच्या तोंडात खुपसली. आई सोवळ्यात होती, भरलेल्या हंड्याला हात लावू देईना. फुलपात्रात उरलेलं घोटभर पाणी मिळालं, ते सुरईच्या तळाशी जाऊन बसलं. कोरफड वर कोरडी आणि पाणी खाली, वीतभर लांब. मी मनातल्या मनात न्हाव्याला निरोप धाडला.

तीर्थरूपांनी मात्र आशा सोडली नाही. संध्येच्या आधी सुरई, संध्येनंतर सुरई. आणि एका सकाळी त्यांनी मला हाक मारली ती इतकी हळू, की मी घाबरून धावलो. कोरफडीच्या बुडातून एक पांढरा दोरा खाली उतरत होता. मागून दुसरा. कापलेली जागा वाळलेली आणि पाणी लांब, त्यामुळे या खेपेला कुजायला काही उरलंच नव्हतं. पाणी गाठायला त्या मुळ्या अशा निघाल्या, की अजून आठवडा मिळता तर सुरईचा तळ फोडून खाडीला लागल्या असत्या.

सासरेबुवा आले, चष्मा चढवला, कोरफड पानांना धरून उचलली. तीर्थरूप खांबाला धरून उभे. मुळ्यांमधून पाणी ठिबकलं.

"रुजली आहे," सासरेबुवा म्हणाले. बोलले त्याला जागले. एक पान तोडलं, सोललं आणि गर तोंडात घातला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही, फक्त दोन्ही कान लालबुंद झाले. मग ताटात पडेल तो गोड पदार्थ मागून घेत त्यांनी आमच्या घरातला गूळ संपवला. नंतर लेकीला घेऊन ते गाडीत बसले.

स्टेशनावरून परतलो तो मिशीला पीळ भरतच. तीर्थरूप ओटीवर सुरई मांडीशी घेऊन बसले होते.

"बघा, माझी मिशी वाचली की नाही?"

त्यांनी मान वर केली नाही.

"मी वाचलो," ते म्हणाले. "तू पाणी बदल."