भरलेलं दुकान

आठवडाभर तो माणूस महाडच्या बाजारात फोटो काढत फिरत होता. नदीकाठी धुणं धुणाऱ्या बायका, मासळीवाली, रिकामी हातगाडी, काहीही. फोटो काढण्याआधी चपला काढून बाजूला ठेवायचा आणि शर्टाच्या टोकाने कॅमेऱ्याची काच पुसायचा. मला तो पहिल्या दिवसापासून खटकला. पोलादपूरला माझी टपरी होती तेव्हाही असाच एकजण गोड हसून फोटो काढून गेला होता, आणि पुढे टपरी रस्ता रुंद करण्यात गेली.

म्हणून तो माझ्या भांड्यांच्या दुकानासमोर उभा राहताच मी बाहेर आलो.

"कुठल्या ऑफिसचा रे तू?"

"कुठल्याच नाय, शेठ."

"मग माझं दुकान कशाला टिपतोस? पूररेषेत घालायचंय?"

तो रागावला नाही. काच पुसत म्हणाला, "पुरानंतर चिखलाचे फोटो सगळ्यांनी काढले. भरलेल्या दुकानाचा फोटो कुणाकडे हाय?"

पुरानंतर पंचनाम्याला आलेल्या साहेबाला मी ओरडून सांगत होतो, दुकान छतापर्यंत भरलेलं होतं. "दाखवा," एवढंच तो म्हणाला होता. दाखवायला माझ्याकडे चिखलच होता.

तरी माझा या माणसावर विश्वास बसला नाही. त्याला कॅमेरा बाजूला ठेवायला लावला आणि माझा मोबाईल त्याच्या हातात दिला.

"यात काढ. आणि जरा थांब, माळ्यावरची पातेली पुढे मांडतो."

त्याने चपला काढल्या आणि थांबला.