सहा रिळं हिरवी टेप

सुमन गेल्याचा मोहनभाऊजींचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "अहो, मग त्या करवंट्यांचं काय?" दुःखाच्या प्रसंगी काय बोलावं हे मला कधीच कळलेलं नाही. भाऊजींना मात्र माझा प्रश्न बरोबर समजला. त्यांच्या माजघरात घासून चकचकीत केलेल्या दोन पोती करवंट्या होत्या आणि त्यांचं पुढे काय होणार, हे एकट्या त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. आता दीड महिना झाला... त्या तशाच आहेत.

सुमन आणि मी पंचवीस वर्षांपासूनच्या शेजारणी. रत्नागिरीत आमच्या आळीत कोणाच्याही मुलीचं लग्न ठरलं की रुखवत सुमनचं, हे गृहीतच असे. पण ती ठरवून सामान आणणारी बाई नव्हे. "आधी वस्तू घ्यावी गो, उपयोग तिच्यामागून आपल्या पायांनी येतो," म्हणायची. एकदा रामआळीच्या बाजारातून बाहुल्यांना लावायचे हलणारे डोळे घेऊन आली, चांगले पिशवीभर. महिनाभर त्यांचा उपयोग सापडेना. मग तिने ते मांजराला भिववायला सुकटीच्या डब्यावर चिकटवले. तिथून भाऊजींच्या चष्म्याच्या घरावर, देवघर सोडून सगळीकडे! "वहिनी, घरात साधी ढेकर द्यायची चोरी झालीय, चहूकडून बघतात," भाऊजी माझ्याकडे तक्रार करायचे. मांजर मात्र सुकट खातच राहिलं.

मग ते आजारपण. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांसमोर तिच्या शेजारी मीच बसले होते, त्यामुळे मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पुढच्याच आठवड्यात ती म्हणाली, "वंदे, चल गो, रामआळीतल्या दुकानात जाऊन येऊ." गेलो. स्टुलावर बसून तिने हिरव्या कागदी टेपची सहा रिळं काढून घेतली. दुकानात गर्दी होती, आणि चार माणसं समोर दिसली की माझी जीभ माझी राहत नाही. मी हात उंचावून दुकानदाराला म्हटलं, "अण्णा, हिला काही देऊ नका हो! घरात आहे तेवढं वापरायलाच हिला शंभर वर्षं लागतील!"

सगळे हसले. सुमनही हसली. मग तिने रिळं एकेक करून परत काउंटरवर ठेवली.

"खरंच गो. कशाला हवीत?"

"अगो, मी गंमत केली. घे ना!"

"नको. चल, पाय दुखतात."

त्यानंतर तिने काही विकत घेतलं नाही. मी दोनदा रिक्षा दारात आणली. दोन्ही वेळा तिने मला चहा पाजून परत पाठवलं.

गेल्या रविवारी भाऊजींनी तिची खोली उघडली. म्हणाले, "तुम्हीच बघा वहिनी, कशाचं काय ते तुम्हाला कळेल." मला कशाचंच कळलं नाही. कोपऱ्यातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा मात्र उघडल्याबरोबर कळला. आत पिवळ्या क्रेप कागदाच्या, नखाएवढ्या सुरंगीच्या कळ्या होत्या. माझ्या मुग्धाचं लग्न मार्गशीर्षात आहे, आणि तिचा हट्ट, केसांत साधा गजरा नको, सुरंगीचा वळेसरच हवा. सुरंगी फुलते शिमग्याच्या सुमाराला. मी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं होतं. सुमनने नेलं नव्हतं.

निम्म्या कळ्यांच्या देठांना हिरवी टेप गुंडाळलेली होती, इतक्या सफाईने की जोड दिसत नव्हता. उरलेल्यांची नुसती तार. टेपच्या संपलेल्या रिळाचा पुठ्ठाही तिथेच होता. आयुष्यभर उपयोग नंतर शोधणारी बाई त्या दिवशी उपयोग ठरवून दुकानात आली होती.

भाऊजी दारात उभे होते. "सापडलं का काही उपयोगाचं?"

मी झाकण लावलं. नाही म्हटलं.

डबा माझ्या कपाटात आहे. टेप मी आणली, दोनदा गुंडाळून पाहिली. ती सुटते.