दादाचा उजवा पाय

दादाला गाडी शिकवायच्या धंद्यात सव्वीस वर्षं झाली, पण त्याच्या गाडीवर एक ओरखडा नाही. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटसमोर खाली दुसरा ब्रेक असतो आणि त्यावर दादाचा उजवा पाय असतो. शिकणारा घाबरायच्या आत तो पाय दाबलेला असतो. असा हा माणूस न्हाणीघरात साबणावरून घसरला आणि नेमका तोच पाय मोडून बसला. सहा आठवडे प्लास्टर! वहिनी एवढंच म्हणाली, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान. ओल्या जागी वेग कमी ठेवा म्हणे."

मी त्याची धाकटी बहीण, घरोघरी जाऊन ड्रेसिंग करणारी नर्स. आमचा दवाखाना दूरच्या वस्तीतले बारा पेशंट माझ्याकडे द्यायला तयार होता, पण अट एकच, दीड महिन्यात गाडीचं लायसन्स हवं. आणि मी तीनदा नापास. दिव्याखाली अंधार, असं लोक अगदी तोंडावर म्हणायचे. चौथी परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती आणि आमचे गुरुजी कॉटवर पडलेले.

भाची नोकरीसाठी बाहेरगावी गेली तेव्हा तिचं गेम खेळायचं यंत्र आणि दोन रिमोट घरीच राहिले होते. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, बसल्या बसल्या गेम खेळा, पण आईचं डोकं खाऊ नका." झालं. दादा खेळायला लागला आणि सवयीनं शेरेही लिहायला लागला. त्याच्या गाडी शिकवायच्या शाळेच्या वहीत प्रत्येक शिकाऊ माणसाचं एक पान असतं, त्यात आरसा, सिग्नल, संयम असे रकाने. आता तशी पानं गेमना मिळाली.

पहिली होती शहरातली शर्यत. दादा लाल दिव्याला थांबला. सात गाड्या पुढे निघून गेल्या, तरी हा हिरव्याची वाट बघतोय! शेरा पडला, "आरसा आहे, पण बघतो कोण? फुटपाथवरून गाडी नेली की बक्षीस. अशानं शाळेचं नाव खराब होतं. नापास."

मग मेलेली माणसं अंगावर येतात तो गेम. "एकही जण दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडत नाही. मला बंदूक दिली आहे, हॉर्न पुरला असता. जेवण गेलं नाही. पुन्हा नको."

पुढच्या गेममधल्या तलवारवाल्या तरुणावर तर तो फारच चिडला होता. "हा न विचारता लोकांच्या घरात शिरतो, मडकी फोडतो, आतलं घेऊन जातो. घरमालक वर त्यालाच नमस्कार करतात. याचे आईवडील कुठे आहेत?"

वरून पडणारे ठोकळे रचायचा जुना गेम मात्र पसंत पडला. "पार्किंगचा खरा सराव. आधी जागा भरपूर असते, माणूस माजतो. मग कळतं. सगळ्यांना सक्तीचा करावा." शेतीच्या गेममध्ये त्यानं चार दिवस गाजरं लावली. वहिनीनं कपाळावर हात मारला, कारण गॅलरीतल्या कुंडीला या माणसानं जन्मात पाणी घातलेलं नाही.

शेवटी हाती लागली डोंगरातली रॅली. ती जोडीनं खेळायची. एकानं गाडी चालवायची, नकाशा दुसऱ्याच्या हातात, त्यानं फक्त वळणं सांगायची. मी चालवायला बसले आणि दादा शेजारी.

पहिल्याच वळणाला दादा ओरडला, "ब्रेक! अगं, ब्रेक!" त्याचं प्लास्टर स्टुलावर आपटलं आणि गाडी दरीत गेली. असं अकरा वेळा झालं.

"तू ब्रेक का दाबत नाहीस?" तो वैतागून म्हणाला.

"तू दाबतोस ना!" माझ्या तोंडून निघून गेलं.

दादानं वही ओढली, काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवली. "रॅली. चालक ठीक. शेजारचा नापास. तीन वेळा."

"बाकीच्यांना मी थोडं घाबरू देतो," तो वहीकडे बघतच म्हणाला. "तुला नाही देता आलं गं."

मला राग आला, का येऊ नये? तीन परीक्षा मी स्वतःला ठोंब समजत होते. पण प्लास्टर कुरवाळत खाली मान घालून बसलेला हा पन्नाशीचा मास्तर बघून मला हसू फुटलं, आणि मग तोही हसला.

त्या दिवसापासून नियम ठरला. वळण एकदाच सांगायचं, तेही हळू आवाजात. चार दिवसांनी आम्ही दरीत पडायचे थांबलो. मग बाजारामागच्या रिकाम्या मैदानात खरी गाडी काढली. दादाचा प्लास्टरचा पाय आखडलेला, ब्रेकपर्यंत पोचतच नव्हता. तो दोन्ही हातांनी पट्टा धरून, ओठ घट्ट मिटून बसायचा. मला वाटतं, मोडलेल्या पायापेक्षा त्याला तेच जास्त दुखत होतं.

परीक्षेत एक कुत्रं आडवं आलं. मी काय केलं ते मला गाडी थांबल्यावर कळलं. शेजारी बसलेल्या साहेबांनी कागदावर खूण केली आणि म्हणाले, "चला पुढे." मी पास झाले.

नव्या कामाच्या पहिल्या दिवशी दादाचं प्लास्टर निघालेलं होतं. माझी गाडी यायला वेळ होता, म्हणून शाळेचीच घेतली, आणि तो हट्टानं सोबत निघाला. शेजारी येऊन बसला. त्याच्यासमोर खाली तो ब्रेक होता आणि पाय ठणठणीत होता. माझा हात किल्लीवरच थांबला.

दादानं माझ्याकडे पाहिलं. मग चपला काढून मागच्या सीटवर टाकल्या, सीटवर चक्क मांडी घातली आणि पट्टा लावला.

"माझ्याकडे काय बघतेस?" तो म्हणाला. "आरसा बघ."